गर्दीची प्रसिद्ध स्थळे की शांत प्राचीन अवशेष? कुटुंबासोबत जाताना दिवस कसे वाटावेत?

धागाकर्ती

गेल्या महिन्यात आम्ही पाच जण रोमला जाऊन आलो. मी, माझे यजमान, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. एका दिवशी आम्ही योद्ध्यांच्या आणि प्राण्यांच्या झुंजींचे प्राचीन प्रेक्षागृह असलेले कोलोसियम पाहिले आणि दुसऱ्या दिवशी रोमचे जुने बंदर असलेले ऑस्टिया अँटिका. या दोन दिवसांतला फरक अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

कोलोसियमचे तिकीट आम्ही आधीच वेळेसह काढले होते, तरीही सुरक्षा तपासणीच्या रांगेत बराच वेळ गेला आणि आत शिरल्यावर मुलाला पहिली वीस मिनिटे लोकांच्या पाठींखेरीज काहीच दिसले नाही. पुढे वरच्या मजल्यावर कठड्याशी जागा मिळाली. रिंगणाची जमीन बरीचशी नाहीशी झाल्यामुळे तिच्याखालच्या तळघरातील भिंती आणि बोळ तिथून उघडे दिसतात. ते पाहताच त्याने वडिलांना विचारले, “बाबा, वाघ-सिंह इथून वर कसे यायचे?” यजमान सांगू लागले खरे, पण मागून एक मोठा गट आला, आम्हाला कठड्यापासून सरकावे लागले आणि तो प्रश्न अर्ध्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी रोमहून अर्ध्या तासाच्या रेल्वेप्रवासाने आम्ही ऑस्टियाला पोहोचलो. टायबर नदीच्या मुखाशी वसलेले हे शहर नदीच्या गाळामुळे आज समुद्रापासून काही किलोमीटर आत गेले आहे. तिथे एका जुन्या खाणावळीचा संगमरवरी ओटा जागच्या जागी आहे आणि त्यामागच्या भिंतीवर रंगवलेले खाद्यपदार्थ अजून ओळखू येतात. मुलाने त्या ओट्याच्या उंचीशी स्वतःची उंची ताडून पाहिली आणि जुन्या काळची मुले टाचा उंचावूनच काही मागत असतील, असे ठरवून टाकले. सार्वजनिक शौचालयातील ओळीने भोके पाडलेली दगडी बैठक पाहून दोघेही भावंडे थक्क झाली. मधे भिंती का नाहीत, या प्रश्नावर त्यांची चर्चा अर्धा तास चालली. सासूबाई नाट्यगृहाच्या पायरीवर सावली बघून बसल्या आणि तासभर उठल्याच नाहीत. “इथे मला कोणी चला म्हणत नाही,” असे त्या म्हणाल्या.

तरीही केवळ एवढ्यावरून “प्रसिद्ध ठिकाणे सोडून द्या” असा निष्कर्ष काढायला माझे मन तयार नाही. घरी आल्यावर मुलीने मैत्रिणींना प्रथम कोलोसियमचेच सांगितले. प्रवासाचे दिवस मोजके असतात आणि लहान-थोर सगळ्यांना सोबत घेऊन जायचे असते, तेव्हा आपण सगळे हा हिशोब कसा मांडता, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपला अनुभव मनापासून पटला, पण मी थोडी प्रसिद्ध स्थळांची बाजू मांडतो. मुलांच्या मनात त्या वास्तूचे चित्र आधीपासून असते. पुस्तकात पाहिलेली वस्तू खरोखर तिथे उभी आहे, हे पाहण्याचा आनंद अनोळखी अवशेष देऊ शकत नाहीत. आपल्या मुलीने मैत्रिणींना कोलोसियमबद्दल आधी सांगितले त्याचे कारण हेच असावे, कारण ऐकणाऱ्यांनाही ते नाव माहीत असते.

कोलोसियमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती वास्तू मुळातच गर्दीसाठी बांधलेली आहे. इ.स. ८० मध्ये टायटस सम्राटाच्या काळात तिचे उद्घाटन झाले आणि सुमारे पन्नास हजार प्रेक्षक तिथे बसू शकत असावेत, असा अंदाज केला जातो. एवढी माणसे आत जावीत आणि खेळ संपल्यावर चेंगराचेंगरी न होता बाहेर पडावीत, यासाठी तळमजल्यावर ८० कमानी ठेवल्या होत्या. त्यांतील ७६ कमानींवर क्रमांक कोरले होते आणि ज्याच्या त्याच्या प्रवेशचिठ्ठीवरील क्रमांकानुसार प्रेक्षक आत जात असत. बाहेरच्या भिंतीचा जो भाग आज उभा आहे त्यावर २३ ते ५४ हे क्रमांक रोमन आकड्यांत अजून आहेत. आमच्या पुतण्याला रोमन आकडे नुकतेच शाळेत शिकवले होते. रांगेत उभे असताना मी त्याला कमानीच्या वर बघायला सांगितले आणि कंटाळवाणी रांग त्याच्यासाठी शोधमोहीम झाली. आपण ज्या गर्दीला अडथळा मानतो, ती तिथे एका अर्थाने त्या वास्तूचीच माहिती देते.

आपल्या मुलाच्या अर्ध्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तरही देऊन ठेवतो. तळघरात उभे लाकडी खांब बसवलेले असत आणि माणसे त्यांना जोडलेले आडवे दांडे ढकलत ते गोल फिरवीत. त्यावर दोर गुंडाळला जाई, तसा प्राण्याचा पिंजरा वर चढे आणि रिंगणातील झडप उघडून प्राणी बाहेर येई. त्या खांबांच्या खोबणी तळघराच्या फरशीत आजही आहेत.

प्रतिसाद २

मी अवशेषांवर मनापासून प्रेम करणारी आहे आणि म्हणूनच सांगते की ते मुलांसाठी सोपे नसतात. जिथे भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्या आहेत, तिथे मोठ्या माणसाला शहर दिसते आणि मुलाला दगड दिसतात. दोष मुलाचा नाही. आपण आधी वाचलेले असते, नकाशा पाहिलेला असतो, त्यामुळे रिकाम्या चौथऱ्यावर आपण मनाने छप्पर चढवतो. हे मुलाला कोणीतरी करून दाखवावे लागते आणि ते काम माहितीफलकावर सोपवून चालत नाही.

म्हणून मी आता अवशेष निवडताना पहिल्यांदा एवढेच पाहते की तिथे डोक्यावर काही उरले आहे का. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे इटलीतील पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही प्राचीन शहरे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या एकाच उद्रेकात दोन्ही शहरे गाडली गेली, पण वेगवेगळ्या प्रकारे. पॉम्पेईवर कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा वर्षाव होत राहिला आणि त्या भाराने छपरे कोसळली. हर्क्युलेनियमवर मात्र प्रचंड तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट एकामागून एक येऊन आदळले. त्या उष्णतेने लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळशासारखे झाले आणि वर सुमारे वीस मीटरपर्यंत थर साचून घट्ट झाल्यामुळे ते टिकले. म्हणून तिथे दुमजली घरे आहेत, तुळया आहेत, एका घरात तर खोली विभागणारा लाकडी पडदाही आहे. शिवाय उत्खनन झालेला भाग पॉम्पेईच्या मानाने अगदी लहान आहे. दोन-अडीच तासांत कुटुंब पाहून बाहेर येते आणि कोणाचे पाय दुखत नाहीत.

माझी भाची आठ वर्षांची असताना त्या लाकडी पडद्यासमोर उभी राहिली होती. आम्ही तिला फक्त इतकेच सांगितले की हे लाकूड जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे आणि त्या घरातील माणसांनी ते शेवटचे सरकवले त्या दिवशीसुद्धा ते असेच होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले की त्या दिवशी पडदा उघडा होता की बंद. त्या प्रश्नाने मी अजून अस्वस्थ होते.

प्रतिसाद ३

शांत अवशेषांचे कौतुक करताना ज्येष्ठांचा विचार मागे पडतो, असे मला वाटते. माझ्या वडिलांना व्हीलचेअर लागते. प्रसिद्ध स्थळी गर्दी असली तरी सोय असते. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर चालण्यास त्रास असणाऱ्यांसाठी २०२० मध्ये नवी लिफ्ट बसवली आणि वरचे काही मार्गही सपाट केले. माझ्या वडिलांनी तिथले पार्थेनॉन मंदिर जवळून पाहिले ते केवळ त्यामुळे. उलट ऑस्टियाचा मुख्य रस्ता मोठमोठ्या काळ्या दगडांचा आहे आणि दगडांमधल्या फटींत चाके अडकतात. बाबागाडीचीही तीच गत होते. धागाकर्तीच्या सासूबाई स्वतः चालू शकत होत्या म्हणून त्यांना तो निवांत तास मिळाला. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या वाट्याला तिथे प्रवेशद्वारापाशी थांबणे येते, आणि कुटुंबातील एकाने बाहेर बसून राहायचे असेल तर त्याला कौटुंबिक सहल म्हणता येत नाही.

धागाकर्ती

वरच्या प्रतिसादाने मला माझ्या लिखाणातील उणीव दाखवली, त्याबद्दल आभारी आहे. सासूबाईंना निवांतपणा लाभला तो त्यांच्या पायांमुळे, हे माझ्या ध्यानात आलेच नव्हते.

लाकडी पडद्याचा प्रश्न मी मुलीला वाचून दाखवला. तिने सांगितले की ऑस्टियात तिला सर्वांत जास्त आवडला तो नाट्यगृहामागचा चौक. त्याच्या तीन बाजूंना व्यापारी आणि जहाजमालक यांच्या कचेऱ्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच कचेऱ्यांसमोर काळ्या-पांढऱ्या खड्यांचे मोझेक, म्हणजे खडे जडवून केलेली जमिनीवरची चित्रे, आहेत. कुठे जहाज, कुठे दीपगृह, तर आजच्या लिबियातील सब्राथा या बंदराच्या व्यापाऱ्यांच्या कचेरीसमोर हत्ती. तिने एकेका कचेरीसमोर थांबून हे लोक काय विकत असतील याचा अंदाज बांधला. मी तिला मुद्दाम काही सांगितले नाही, कारण मलाही फारसे ठाऊक नव्हते. अवशेषांसाठी तयारी लागते हे मान्य, पण आपल्याला सगळेच ठाऊक नसण्याचाही तिथे उपयोग होतो का, असा विचार मनात आला. कोलोसियममध्ये मी सतत सांगत होते. ऑस्टियात आम्ही दोघी मिळून शोधत होतो.

प्रतिसाद ४

होतो, नक्की होतो. मात्र त्यासाठी वेळ हवा आणि तो मिळवण्यासाठी बाकीच्या गोष्टी सोडायची तयारी हवी. अख्खे शहर पाहून संपवण्याचा हट्ट धरला तर शांत अवशेषही गर्दीच्या स्थळासारखेच दमवतात.

प्रतिसाद ५

एका मुद्द्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले नाही. शांत ठिकाणी आपल्याला कोणी अडवत नाही, त्यामुळे तिथे पालकांची जबाबदारी अधिक असते. प्रसिद्ध स्थळी दोर बांधलेले असतात, पहारेकरी असतात. ओसाड अवशेषांत मूल सहज भिंतीवर चढते आणि आपण त्याचे छायाचित्र काढतो. जुन्या भिंतीचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे तिचा वरचा उघडा थर. तिथला चुना एकदा सुटला की पावसाचे पाणी भिंतीच्या पोटात शिरते. मोझेकवर चालल्याने खडे सुटतात. खापराचा एखादा तुकडा खिशात घालणाऱ्याला वाटते की इतक्या ढिगातून एक गेला तर काय बिघडले. पॉम्पेईच्या व्यवस्थापनाकडे पर्यटकांनी चोरून नेलेले दगड आणि तुकडे वर्षानुवर्षांनी क्षमापत्रांसह टपालाने परत येतात, हे मुलांना जरूर सांगावे. मी माझ्या मुलांना सांगितले होते आणि तेव्हापासून धाकटा दुसऱ्यांच्या मुलांनाही टोकतो.

गर्दीमुळे होणारी झीज तर वेगळीच. म्हणूनच ॲक्रोपोलिसवर सप्टेंबर २०२३ पासून आणि पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा आली. पॉम्पेईचे तिकीट तेव्हापासून नावानिशी असते, त्यामुळे कुटुंबातील प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. या मर्यादांमुळे आयत्या वेळी जाण्याची सोय राहिलेली नाही, पण आत गेल्यावर श्वास घेता येतो आणि कुटुंबासाठी हा सौदा मला चांगलाच वाटतो.

प्रतिसाद ६

मला ही विभागणीच फारशी मान्य नाही. गर्दी एखाद्या स्थळावर सर्वत्र सारखी पसरत नाही. ती एका ठरावीक रेषेवरून जाते आणि त्या रेषेपासून शंभर पावले बाजूला झाले की माणूस दिसत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे. तिथे मोना लिसासमोरची दाटी सर्वांना माहीत आहे. चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, समोर शेकडो उंचावलेले मोबाइल, आणि लहान मुलाला त्यातले काही म्हणजे काही दिसत नाही. पण त्याच इमारतीच्या तळघरात बाराव्या शतकातील किल्ल्याचा तट आहे. फिलिप ऑगस्ट राजाने बांधलेल्या त्या किल्ल्याचे अवशेष १९८०च्या दशकातील उत्खननात मोकळे केले गेले. खंदकाच्या तळातून चालत जाता येते, दोन्ही बाजूंना दगडी भिंती उंच जातात आणि दगडांवर पाथरवटांच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्यांतल्या काही चक्क बदामाच्या आकाराच्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याखेरीज दोनच माणसे होती. माझ्या जुळ्या मुलांनी त्या खुणा मोजल्या. वरची चित्रे त्यांना आठवत नाहीत, हा खंदक आठवतो.

तुर्कस्तानातील इफेसस या प्राचीन शहराचेही तेच. सेल्सस ग्रंथालयाचा दुमजली दर्शनी भाग १९७०च्या दशकात पुन्हा उभारला गेला आणि त्याच्यासमोर सदैव गर्दी असते. मोठे गट वरच्या दाराने शिरतात आणि उतारावरून खाली ग्रंथालयाकडे येतात. पण अगदी समोरच्या टेकडीवर छपराखाली जतन केलेली श्रीमंतांची उतारावरची घरे आहेत. त्यांचे तिकीट वेगळे असल्यामुळे बहुतेक गट ती टाळतात. आत सावली आहे, काचेच्या पायवाटा आहेत, भिंतींवर रंग आहेत. एवढ्या गजबजाटाला लागून असलेली ती शांतता मला कुठल्याही निर्जन माळरानापेक्षा जास्त भावली.

प्रतिसाद ७

वेळेबद्दल थोडेसे. उन्हाळ्यात अवशेषांवर दुपारी जाऊ नये, मुलांना घेऊन तर मुळीच नाही. जुलै २०२३ मधील उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिसही दुपारचे काही तास बंद ठेवावे लागले होते, यावरून उघड्या संगमरवरावर काय स्थिती होत असेल याची कल्पना यावी. सकाळी दार उघडताना किंवा बंद होण्याआधीच्या दोन तासांत जावे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते, हा जादा लाभ.

आणि पार्थेनॉनसमोर गर्दी असली तरी एक गोष्ट प्रत्येक मुलाला दाखवावी. पायऱ्यांच्या एका टोकाशी डोळे पायरीच्या पातळीवर आणायला सांगावेत. सुमारे ७० मीटर लांबीची ती बाजू सरळ नाही. मध्यभाग टोकांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर उंच आहे. इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झालेल्या बांधकामात ही कमान जाणूनबुजून ठेवलेली आहे. माझी मुलगी खाली वाकली, तिला पाहून आणखी तीन-चार मुले वाकली, आणि थोड्या वेळाने त्यांचे पालकही वाकून बघू लागले. भाषा कोणाचीच कोणाला कळत नव्हती.

धागाकर्ती

सर्व प्रतिसाद घरात मोठ्याने वाचले. पुढच्या प्रवासासाठी आम्ही इफेसस आणि त्याच्या दक्षिणेकडील प्रीने व मिलेटस ही जुनी शहरे निवडली आहेत आणि आपल्या सूचनांवरून आराखडा बदलला आहे. इफेसस दिवसाच्या शेवटच्या दोन तासांत पाहायचे आणि त्यात उतारावरची घरे आधी, ग्रंथालय मागाहून. प्रीने डोंगराच्या उतारावर आहे, चढ बराच आहे आणि सासूबाईंना तो झेपणार नाही. म्हणून त्या दिवशी आम्हा दोघांपैकी एकाने त्यांच्यासोबत थांबायचे, असे मी सुचवले होते. मात्र “एकाने बाहेर बसून राहायचे” हे वाक्य वाचल्यावर यजमानांनी क्रम फिरवला. संपूर्ण दिवस मिलेटसला द्यायचा, कारण तिथले भव्य नाट्यगृह वाहनतळाच्या अगदी समोर आहे, आणि प्रीनेला फक्त मुलगी व मी पहाटे लवकर जाऊन यायचे. प्रीनेचे रस्ते काटकोनात आखलेले आहेत आणि नगरसभेची चौकोनी जागा पायऱ्यांसकट शाबूत आहे, हे मुलीने आताच शोधून काढले आहे. ती तिथे कोणत्या पायरीवर बसायचे हेही ठरवून बसली आहे.

पहिल्या प्रतिसादातील तळघराची माहिती मुलाला सांगितली. त्याने मधेच थांबवून विचारले की दांडे ढकलणाऱ्या माणसांना वरचा खेळ दिसायचा का. नसेल दिसत, असे मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला, “माझ्यासारखंच.” मग आम्ही संगणकावर त्या दिवसाची छायाचित्रे मोठी करून पाहिली. रांगेत काढलेल्या एका छायाचित्रात आमच्या डोक्यांच्या वर, कमानीच्या दगडावर एक एल आणि त्यापुढे दोन आय स्पष्ट दिसत आहेत. बावन्न. त्याने ते छायाचित्र स्वतःच्या टेबलासमोर लावून घेतले आहे आणि आता बाकीच्या छायाचित्रांत एक्कावन्न आणि त्रेपन्न शोधत आहे.